विचारू नकोस, छाप!

दादरला संध्याकाळी साडेसहाला तिकीट खिडकीसमोर उभं राहून बघा. "दोन रिटर्न ठाणे" म्हटलं की आतला क्लार्क तीन-चार बटणं दाबतो, प्रिंटर कर्र करतो आणि तिकीट बाहेर! मधे कुठेही त्याच्या पडद्यावर "कोणता प्रिंटर? किती प्रती? सगळी पानं की काहीच?" असा चौकोन उगवत नाही. उगवला असता तर रांग थेट फुलबाजारापर्यंत गेली असती.

आपल्या लॅबमधल्या प्रोजेक्टमध्ये नेमकं उलटं असतं. तयार मिळणारा प्रिंट डायलॉग जसाच्या तसा लावायचा, एक्स्टर्नलसमोर एकदा उघडून दाखवायचा, की झालं. वर्षातून एकदा एक कागद काढायचा असेल तर ते ठीकच आहे. पण जिथे एकाच टेबलावरून दिवसभर कागद निघत राहतात, म्हणजे रेल्वेचं तिकीट, हॉस्पिटलचा केसपेपर, दुकानाचं बिल, गणपती मंडळाची पावती, तिथे हा चौकोन म्हणजे प्रत्येक माणसामागे दोन जास्तीच्या क्लिक आणि चुकीचं बटण दाबायची एक संधी. म्हणून कधी ना कधी प्रत्येकाला प्रश्न पडतो, की डायलॉग न दाखवता प्रिंट कसं काढायचं?

त्याचं उत्तर तीन ओळींचं आहे आणि ते मी लगेच देते. पण त्या तीन ओळी लिहून झाल्यावर एक दुसराच प्रश्न उरतो, तो मात्र कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये विचारत नाहीत. लालबागमधल्या आमच्या गल्लीतल्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहायला बसले तेव्हा तो मला खजिनदार काकांनी विचारला. (मंडळ छोटंसं आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर वाचणारे वर्गणीच्या भीतीने पान उलटतील!)

आधी तीन ओळी. डॉट नेटमध्ये काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यायचं, की 'प्रिंटडॉक्युमेंट' आणि 'प्रिंटडायलॉग' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुस्तकातल्या उदाहरणात त्या नेहमी जोडीने येतात, म्हणून आपल्याला वाटतं त्यांचं लग्न लागलेलं आहे. तसं काही नाही. प्रिंटडॉक्युमेंटची नुसती 'प्रिंट' ही मेथड बोलावली की छपाई सुरू होते, कोणी काही विचारत नाही. तरीही एक छोटी खिडकी झळकून जाते, "पान १ छापत आहे" अशा अर्थाची. ती येते प्रिंट कंट्रोलरकडून, कारण न सांगता मिळणारा कंट्रोलर ही खिडकी दाखवणारा असतो. त्याच्या जागी 'स्टँडर्डप्रिंटकंट्रोलर' दिला की तीही गेली. जावामध्ये 'प्रिंटरजॉब' घ्यायचा आणि 'प्रिंटडायलॉग' न बोलावता सरळ 'प्रिंट' करायचं. जुन्या व्हीबी सहामध्ये तर 'प्रिंटर' नावाची वस्तू तयारच असायची, तिच्यावर लिहायचं आणि 'एंडडॉक' म्हणायचं. लिनक्सवाल्यांना 'एलपी' ही एक कमांड पुरते. संपल्या तीन ओळी.

आता गंमत सुरू होते. तो चौकोन आपल्याला त्रास द्यायला ठेवलेला नसतो. तो माणसाला काही निर्णय विचारत असतो: कुठल्या प्रिंटरवर, किती, कुठल्या मापाच्या कागदावर. चौकोन काढला म्हणून ते निर्णय नाहीसे होत नाहीत, ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतात. आणि आपण काहीच ठरवलं नाही तर ते विंडोज ठरवते. विंडोज १० मध्ये नोव्हेंबर २०१५ च्या अपडेटपासून "डिफॉल्ट प्रिंटर मला सांभाळू द्या" अशी एक सोय आली. ती चालू असेल तर तुम्ही शेवटचा जो प्रिंटर वापरला तोच डिफॉल्ट होतो. म्हणजे दुपारी कोणीतरी त्याच कॉम्प्युटरवरून एक पीडीएफ बनवली, की संध्याकाळी तुमच्या पावत्या पीडीएफच्या प्रिंटरकडे निघाल्या. तो तर प्रत्येक वेळी "फाइलला नाव काय देऊ?" विचारतो! तुम्ही डायलॉग काढून टाकलात आणि दुसऱ्याचा डायलॉग मागच्या दाराने आत आला. म्हणून डिफॉल्टच्या भरवशावर राहू नये. प्रिंटरचं नाव सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं, प्रोग्राम सुरू होताना त्या नावाचा प्रिंटर खरंच आहे ना हे तपासावं, आणि नसेल तर कामाला सुरुवातच करू देऊ नये. कागदाचं मापही तसंच. पावती सहा इंचांची आणि ड्रायव्हरला वाटतंय ए ४, तर प्रत्येक पावतीमागे कोरा कागद सरकत राहणार.

वेब पेजवरून हे करता येईल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. सरळ मार्गाने नाही. ब्राउझर प्रिंटचा चौकोन दाखवणारच, आणि तो दाखवतो हे योग्यच आहे. नाहीतर कुठलीही साइट उघडली की घरच्या प्रिंटरमधून जाहिराती पडायला लागतील. आपल्याच काउंटरवरचं मशीन असेल तर क्रोम 'कियॉस्क प्रिंटिंग'च्या स्विचने सुरू करता येतो. पण तो निर्णय मशीनच्या मालकाने घ्यायचा, साइटने नाही.

डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आमच्या मंडळाचं पहिलं पावतीचं काम कोणीतरी फॉक्सप्रोमध्ये केलं होतं. त्यात 'सेट डिव्हाइस टू प्रिंटर' म्हटलं की पुढचं सगळं लिखाण पडद्याऐवजी कागदावर. प्रोग्राम आणि प्रिंटर यांच्यामध्ये फक्त एलपीटी १ ची जाड केबल. कागद संपला तर प्रोग्राम तिथेच अडायचा आणि समजायचं की काहीतरी बिघडलंय. गैरसोय होती, पण फसवणूक नव्हती. विंडोजमध्ये मधे स्पूलर आला. त्याचं काम पोस्टाच्या पेटीसारखं आहे. आपण पत्र पेटीत टाकतो आणि आपल्या कामाला लागतो, पुढे पेटी जाणे. प्रोग्राममधली 'प्रिंट' ही मेथड काही तक्रार न करता परत आली याचा अर्थ इतकाच, की पत्र पेटीत पडलं. पोचलं की नाही, ते तिला माहीत नसतं.

स्पूलरमधूनही जुन्या पद्धतीने कच्चे अक्षर-कोड प्रिंटरला पाठवता येतात, त्याला 'रॉ' छपाई म्हणतात. डॉट मॅट्रिक्सवर ती झपाझप होते, कारण प्रिंटरच्या स्वतःच्या चिपमध्ये असलेली अक्षरंच तो ठोकत जातो. दुकानांची इंग्रजी बिलं म्हणूनच इतक्या वेगात निघतात. पण साध्या प्रिंटरच्या चिपमध्ये देवनागरी नसते. आणि आमच्या कमिटीतल्या आजोबांची पहिली अट, "पावती मराठीत पाहिजे. नाव इंग्लिशमधे छापायचं असेल तर आपली पावतीबुकंच बरी." ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकने वाढवलेलं 'जिस्ट' कार्ड याच अडचणीसाठी होतं. वेगळं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, मग डॉसवर मराठी दिसायचं. आता युनिकोड आहे आणि विंडोज अक्षरांची जोडणी स्वतः करते, पण त्यासाठी रॉचा मार्ग सोडून ड्रायव्हरमार्फत चित्र म्हणून पावती काढावी लागते. वेग कमी होतो, प्रिंटरचं डोकं एकाच ओळीवरून जास्त वेळा फिरतं. चालतं.

एक तपासणी मात्र जरूर करा. "कुऱ्हाडे", "गोऱ्हे", "वऱ्हाडकर" ही तीन नावं छापून बघा. यातला र मराठीचा खास आहे, आणि कोड चुकीचा टाइप झाला तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मलाही हा फरक कीबोर्डवरच नीट कळला! वर्गणी देणारा माणूस आकडा एकदा बघतो आणि स्वतःचं नाव तीनदा.

आता खजिनदार काका. मी त्यांना मोठ्या उत्साहाने डेमो दिला. नाव टाकलं, रक्कम टाकली, एंटर, पावती बाहेर. चौकोन नाही, माउस नाही. काकांनी पावती फाडून हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "समजा कागद आलाच नाही. तुझं मशीन काय म्हणेल?"

"दिली म्हणेल."

"आणि माणूस म्हणेल नाही दिली. मग खरं कोणाचं?"

हा प्रश्न हवेतला नाही. दादरमधल्या एका दुकानात (नाव नको) मी असा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. कागद संपला होता, काउंटरवरच्या मुलाला ते दिसलं नाही. बिल येत नाही म्हणून त्याने बटण पुन्हा दाबलं, मग पुन्हा. डायलॉग नसल्यामुळे प्रत्येक वेळी पेटीत एक पत्र गुपचूप पडत गेलं. नवा रोल लावल्याबरोबर एकाच गिऱ्हाइकाची पाच बिलं धडाधड बाहेर आली. दुकानात हसण्यावारी गेलं. पण त्या पाच कागदांच्या जागी मंडळाच्या पाच पावत्या असत्या, तर प्रत्येकीवर मंडळाचं नाव, आणि पैसे एकदाच आलेले! मंडळांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, नंतर हिशेब द्यावा लागतो. आणि आयुक्तांच्याही आधी गल्ली हिशेब मागते. काकांनी बावीस वर्षं हे खातं सांभाळलंय. त्यांच्या मागे कोणी "एक पावती कमी भरली" असं नुसतं पुटपुटलं असतं तरी ते खातं सोडून गेले असते.

मग कागद खरंच बाहेर आला हे कळणार कसं? आधी वाटलं, प्रिंटरलाच विचारू. जुन्या पॅरलल पोर्टच्या पंचवीस पिनांपैकी बारावी पीन 'कागद संपला' हेच सांगायला ठेवलेली असते. थर्मल प्रिंटरला १६, ४, ४ असे तीन बाइट पाठवले, तर बरेच प्रिंटर कागदाच्या सेन्सरची स्थिती उत्तरात पाठवतात. स्पूलरलाही रांगेत काय उरलंय ते विचारता येतं. हे सगळं जरूर करावं, आम्हीही केलं: रांगेत आधीचं काम अडकलेलं असेल तर प्रोग्राम पुढची पावती पाठवतच नाही, आणि सकाळी सुरू होताना रांगेत कालचं काही उरलेलं दिसलं तर ओरडतो. पण रांगेतून काम गेलं याचा अर्थ अक्षरं प्रिंटरच्या मेमरीत उतरली एवढाच. रिबन सुकलेली आहे, कागद तिरका गेला, मधेच फाटला, यातलं काही कुठल्याही पिनेला कळत नाही. ते फक्त समोर बसलेल्या माणसाला दिसतं.

उत्तर सापडलं ते पुन्हा तिकीट खिडकीपाशीच. पूर्वी पुठ्ठ्याची छोटी तिकिटं असायची ती आठवतात का? निदान आई-बाबांना विचारा. ती पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशन मास्तरने काढली. तिचं खरं डोकं पुठ्ठ्यात नव्हतं, नंबरात होतं. प्रत्येक तिकिटावर छापखान्यातूनच क्रमांक यायचा आणि तिकिटं क्रमानेच विकायची. पाळी संपली की शेवटच्या नंबरातून सुरुवातीचा नंबर वजा करायचा, भाड्याने गुणायचं, तेवढे पैसे गल्ल्यात पाहिजेत. आपल्याकडे अशी तिकिटं भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यातही छापली जात.

१९८६ साली स्थापन झालेल्या 'क्रिस' या रेल्वेच्या संस्थेने पुढे अनारक्षित तिकिटांची कॉम्प्युटर पद्धत आणली, २००२ पासून. पण नंबराची युक्ती सोडली नाही. खिडकीवरच्या कोऱ्या तिकिटांवर क्रमांक आधीच छापलेला असतो आणि त्या प्रत्येक कागदाचा हिशेब लागतो. छपाई बिघडली तर क्लार्क तो कागद फेकून देत नाही. 'नॉन-इश्यूड', म्हणजे 'न दिलेलं', अशी त्याची नोंद करतो आणि तो कागद हिशेबाबरोबर जमा करतो. म्हणजे कागद निघाला की नाही हे रेल्वे प्रिंटरला विचारत बसलेली नाही. तिने कोऱ्या कागदालाच साक्षीदार केलंय.

आम्ही हेच उचललं. गिरगावातल्या एका छापखान्यातून दोन पदरी कंटिन्युअस स्टेशनरी छापून घेतली. वरचा पांढरा कागद देणाऱ्याला, खालचा गुलाबी मंडळाची स्थळप्रत. प्रत्येकावर नंबरिंग मशीनचा लाल क्रमांक. (ज्यांना वाटतं डॉट मॅट्रिक्स मेला, त्यांनी इथे लक्ष द्यावं. इंकजेट आणि लेझर कागदाला ठोकत नाहीत, त्यामुळे खालच्या पदरावर काहीच उमटत नाही. आणि थर्मलची पावती उन्हात ठेवली की काळी पडते, जपून ठेवली तरी काही काळाने पुसट होते. ऑडिटला काय दाखवणार?)

सकाळी बसणारा मुलगा गठ्ठ्यातल्या पहिल्या कागदाचा लाल नंबर टाइप करतो. पुढचे नंबर प्रोग्राम स्वतः मोजत जातो आणि प्रत्येक पावतीवर लाल नंबराच्या शेजारी आपला काळा नंबर छापतो. दोन्ही जुळले तर सगळं ठीक. जर स्पूलरने एकच पावती दोनदा पाठवली, तर दुसरी पुढच्या कागदावर पडणार. म्हणजे लाल ४१४ आणि काळा ४१३. शाळेतल्या मुलालाही कळतं की हा कागद द्यायचा नाही. त्यासाठी कुठलाही सेन्सर लागला नाही.

नोंदीच्या आम्ही तीन अवस्था ठेवल्या: 'पाठवली', 'दिली' आणि 'बाद'. एंटर मारला की पावती 'पाठवली' होते. मुलगा कागद फाडतो, दोन नंबर बघतो, समोरच्याला देतो आणि पुढच्या माणसाचं नाव टाइप करायला लागतो. ते पहिलं अक्षर टाइप झालं की आधीची आपोआप 'दिली' होते. वेगळं बटण नाही, "नीट छापलं का?" असा नवा चौकोनही नाही. नाहीतर एक डायलॉग काढून दुसरा घातल्यासारखंच झालं असतं, आणि रोज शंभर वेळा 'हो' दाबणारा माणूस एकशे एकाव्या वेळी न बघताच 'हो' दाबतो. काही बिघडलं तरच एफ ९ दाबायचं. मग तो नंबर 'बाद' होतो, तीच वर्गणी पुढच्या नंबरावर छापली जाते आणि बिघडलेला कागद दोन्ही पदरांसकट टेबलावरच्या खिळ्याला अडकवायचा. छापलेली पावती पुसायची किंवा तिचा आकडा बदलायची सोय प्रोग्राममध्ये ठेवलीच नाही. आणि कोणाची पावती हरवली म्हणून पुन्हा हवी असेल, तर साध्या कागदावर 'दुय्यम प्रत' असं ठळक छापून मिळते, लाल नंबराशिवाय.

जुना डायलॉग देत होता आणि आम्ही काढून टाकली अशी एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे 'कॅन्सल'. छापायच्या आधी एकदा थांबायची जागा. तिच्यासाठी रक्कम टाकल्यावर पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ती मोठ्या अक्षरांत आणि शब्दांत दिसते, "रुपये पाचशे एक फक्त". पडदा देणाऱ्याच्या बाजूला थोडा वळवून ठेवलाय. रक्कम चुकली तर एंटरच्या आधी तोच माणूस ओरडतो, "अरे, पाच हजार एक!"

गणपतीत पाचव्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, प्रिंटर नव्हता. त्यामुळे पावती क्रमांक ६८८ निम्म्यात थांबली, नाव छापलं होतं आणि रक्कम नव्हती. पैसे देणाऱ्या आजी पिशवी सावरत उभ्याच होत्या. टेबलावरच्या मुलाने वीज आल्यावर रांग रिकामी केली, एफ ९ दाबलं आणि ६८९ वर आजींचं नाव छापून दिलं. रात्री काकांनी खिळ्यावरचे कागद काढले, पडद्यावरची 'बाद' यादी मागितली आणि पेन्सिलीने एकेक नंबर टिकमार्क केला. ६८८ ची टिक करून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी प्रिंटरसाठीपण तो यूपीएस आण. आणि छापखान्याला सांग, लाल शाई जरा गडद घाल, मला रात्रीचं दिसत नाही."